पहिलं वाटण खायचं नसतं

मी समुपदेशक आहे. मोताळ्यात बी-बियाण्यांच्या दुकानावर माझी एक खोली आहे, दोन खुर्च्या आहेत आणि एक पंखा आहे, तो कुरकुरतो. पूर्वी लोक मला 'वेड्यांची डॉक्टरीण' म्हणत, आता नुसतं 'मॅडम' म्हणतात, प्रगतीच म्हणायची. कॉलेजात भाषणाला बोलावलं की माझं एक वाक्य ठरलेलं असायचं: 'मूर्ती दगडातच असते, मी फक्त नको तो भाग काढते.' टाळ्या हमखास. मलाही ते खरं वाटायचं, हे जास्त वाईट.

ज्याच्यामुळे ते वाक्य सुटलं, त्याला विचारून लिहितेय, खाणाखुणा बदलल्यात. नांदुऱ्याचा गृहस्थ, बसवर कंडक्टर, पंचेचाळिशीचा, लग्न राहून गेलेलं. घरी म्हातारी आई, अर्धांगवायूने तीन वर्षं खाटेवर. तिचं न्हाऊ-माखू, खाणं-पिणं सगळं हाच करायचा, तेही हसतमुखाने. गल्लीतले लोक आपल्या पोरांना त्याचं उदाहरण देत. पण त्याच्या छातीत दुखायचं. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही, म्हणून माझ्याकडे धाडलं.

चार बैठका तो 'सब ठीक हाय, मॅडम' एवढंच म्हणत राहिला. मला मेलीला धीर कुठला? पाचव्या खेपेला मी जरा जोरातच विचारलं, "तुम्हाला राग येतच नाही का हो?" आणि तो फुटला.

"येते ना! कावलो मी, मॅडम! वाटते, मरून काऊन नाही जात हे बुढी!"

मी मनातल्या मनात उड्या मारल्या. निघाली की मूर्ती! वर त्याला सल्लाही दिला, "हे दाबून ठेवू नका. घरी मोकळेपणाने बोला." शहाणी ना मी!

तो पडला आज्ञाधारक. घरी गेला, जानेफळला दिलेल्या बहिणीला फोन लावला आणि माझ्यासमोर जे बोलला, ते शब्दाला शब्द तिला ऐकवलं. शेजारी खाटेवर आई ऐकत होती. रविवारी बहीण गाडी घेऊन आली आणि आईला घेऊन गेली. 

पुढच्या गुरुवारी तो आला, तेव्हा त्याचे गाल बसले होते. "घर खायले उठते, मॅडम. तुमी म्हनलं म्हनून बोललो मी. आता कोन्या तोंडानं जाऊ तिच्यापाशी?" लाज वाटली, खूप लाज वाटली.

त्याच आठवड्यात बाजारच्या दिवशी मी घरचा पाटा टाकी लावून घ्यायला नेला. मिक्सरची चटणी आमच्याकडे कुणाला चालत नाही. वाटायला मात्र मीच. बाजाराच्या कडेला एक बाई बसते. पाटे, खलबत्ते, शेंदूर लावायचे छोटे देव, सगळं स्वतः घडवते. पाटा वापरून गुळगुळीत झाला की छिन्नी-हातोडीने बारीक टवके पाडून तो पुन्हा खरबरीत करून देते. हात इतका हलका, की पाट्याला खाज सुटलीय आणि ही खाजवून देतेय असं वाटावं. मला राहवेना. माझं मूर्तीचं वाक्य तिला ऐकवलं. ती खो खो हसली.

"दगडात दगडच राह्यते, बाई. देव कुठून येईन? तो त हळूहळू करा लागते."

पाटा हातात देताना म्हणाली, "पह्यलं वाटण खाऊ नोका. टाकी लागली का दगडाची कच निंगते. मूठभर तांदूळ भरडा, कोंबड्यायले टाका. दोनदा धुवा. मंग वाटा चटणी."

हे मला माहीत नव्हतं का? लहानपणापासून माहीत होतं. तरी पाटा तिथेच टेकवून मी उभी राहिले. माणसाला टोकरलं की पहिल्यांदा जे बाहेर पडतं, त्यातही कच असतेच की. आणि मी ते त्याला थेट आईच्या ताटात वाढायला लावलं होतं.

घरी येऊन त्याला फोन केला. "चूक माझी आहे, तुमची नाही. मी घाई केली."

"मंग आता?" त्याने विचारलं.

"जानेफळला जा. आईला सांगा, थकलोय मी, पण तू मला हवी आहेस." हे वाक्य त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. सवय, दुसरं काय!

पुढच्या खेपेला त्याने काय झालं ते सांगितलं. पाठ केलेलं वाक्य आईने अर्ध्यावरच तोडलं म्हणे.

"माईत हाय मले," ती म्हणाली. "रुसून नाही आली मी इथं. तुले दोन दिस निजू द्याव म्हनून आली. तीन वर्सं तू हासत हासत माहं सारं करे, मले त्या हासन्याचंच भेव वाटे. तहान लागली तरी हाक नाही मारे मी. म्हनलं, लेकरू किती हासन? त्या दिवशी चिडला, तवा बरं वाटलं. आता तहान लागली का हाक मारीन. तू चिडजो. पन पानी दे."

त्याने तिथल्या तिथे आईला उचललं आणि बहिणीच्या गाडीत बसवलं. गाडीचं दार लावायच्या आत तिने पाणी मागितलं.

"आन मी खरंच चिडलो, मॅडम," तो म्हणाला. "म्हनलं, वं माय, आता त पेली ना! आन बाटली देली." एवढं सांगून तो मोठ्याने हसला, आणि हसता हसता माझ्यासमोर ढसाढसा रडला.