‘कोण सांगतंय?’ विचारणारे नाना

नाना गेल्याचं कळलं तेव्हा मी जळगावात, पिंप्राळ्यात रिक्षातून उतरत होते. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात फोन. पलीकडून रुखसार बोलत होती, धुळ्याच्या शाळेतली माझी जुनी विद्यार्थिनी. “मॅडम, नाना गेले.” आणि माझ्या तोंडून काय निघावं? “कुणी सांगितलं तुला?” ती म्हणाली, “मॅडम, मी त्यांच्या घरूनच बोलतेय. इथंच बसलेय, त्यांच्याजवळ.” माणूस गेल्याची बातमी ऐकून असं कोणी विचारतं का? पण नानांबरोबर काम केलेली माणसं विचारतात. ही गंमत त्यांना सांगितली असती तर मान मागे टाकून हसले असते. ऐकायला ते नव्हते. दीड महिना झाला, स्वयंपाक करता करता हात थांबतो, फोन उचलते, परत ठेवते... एका जागी बसवत नाही. म्हणून हे लिहितेय.

नाना म्हणजे आमचे खैरनार सर. धुळ्यात देवपूरच्या शाळेत विज्ञान शिकवायचे, आणि कॉम्प्युटर रूम त्यांच्याच ताब्यात असायची. अकरा कॉम्प्युटर, त्यातले सहा-सात चालू. मी त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, मराठीची शिक्षिका. माझी समजूत अशी की मुलांना माऊस धरता आला, टाइप करता आलं, की झालं इंटरनेट शिकवून. एकदा ‘आपला परिसर’ असा प्रकल्प दिला होता. सव्वीस मुलांनी गल्लीतल्या विहिरीबद्दल तोच परिच्छेद उतरवून आणला, कुण्या सरदाराने शेकडो वर्षांपूर्वी खणली म्हणून. नानांनी सात जणांना उभं केलं आणि एकामागून एक वाचायला लावलं. तिसऱ्या मुलापर्यंत वर्ग हसायला लागला, सातव्यापर्यंत सगळ्यांच्या लक्षात आलं की एक चुकीचा शब्दसुद्धा सातही वह्यांत तसाच आहे. “छान,” नाना म्हणाले, “आता सांगा, हे पहिल्यांदा कोण सांगतंय?” कुणालाच माहीत नव्हतं. मग सगळी वरात विहिरीकडे. शेजारच्या ओट्यावर एक म्हातारी गहू निवडत बसली होती. मुलांनी वाचून दाखवलं तशी ती अहिराणीत उसळलीच. “कोन सांगस तुले हाई? ती विहीर मन्हा सासरानी खंदेल शे!” मुलं खूश, आजींच्या सासऱ्यांनी खणली असं लगेच लिहून घ्यायला लागली. नानांनी त्यांना थांबवलं. “आजींनाही विचारा, तुम्हाला कसं माहीत?” मला ते उद्धट वाटलं होतं. म्हातारी मात्र रागावली नाही, तळहात पुढे करून म्हणाली, “मी सोता माटीन्या पाट्या वाहेल शेतस.” मातीच्या पाट्या स्वतः वाहिलेल्या त्या हातांना नानांनी हात जोडले, तेव्हाच मुलांच्या पेन्सिली चालल्या.

पुढच्या महिनाभरात त्यांनी मुलांना बरंच शिकवलं. इंटरनेटवर शोधल्यावर आलेली पहिली तीन पानं बघून थांबायचं नाही, खाली जायचं. तारीख बघायची. तीच गोष्ट दुसरीकडे कोणी, पहिल्याचं न बघता, सांगितली आहे का ते शोधायचं. फोटोवरून मूळ फोटो कसा शोधतात तेही. प्रत्येक वहीत तीन रकाने असायचे : कोण सांगतंय, कधीचं आहे, दुसरं कोण सांगतंय. मी कौतुकाने बघायचे. शिकले काहीच नाही.

त्या वर्षी, रुखसार नववीत असताना, एक मेसेज फिरला. बेकरीतला फोटो होता, घाणीत पडलेलं पीठ, त्यावर चालणारे पाय, आणि खाली आमच्याच भागातल्या एका बेकरीचं नाव. ‘मुलांना इथले टोस्ट देऊ नका.’ मी तो वाचला, अंगावर काटा आला, आणि पालकांच्या ग्रुपवर टाकला. वर दोन शब्द माझेही जोडले : ‘काळजी घ्या.’ इतकंच. वर्गशिक्षिकेनेच टाकलेला, म्हणजे खरा असणार, असं लोकांनी धरलं. बेकरी रुखसारच्या अब्बांची होती. मला ते ठाऊक नव्हतं... असं मी स्वतःला फार वर्षं सांगत आले. हजेरीपटावर वडिलांचा व्यवसाय मीच लिहिला होता.

रुखसार रडली नाही, भांडली नाही. कॉम्प्युटर रूममध्ये बसून तिने तो फोटो शोधला. दुसऱ्याच राज्यातला निघाला, कितीतरी जुना. तिने वहीत नीट मांडून आणलं. दुसऱ्या रकान्यात तारीख, तिसऱ्यात मूळ बातमी छापणारी दोन वर्तमानपत्रं. आणि पहिल्या रकान्यात, ‘कोण सांगतंय’च्या खाली, सुवाच्य अक्षरात : वर्षा पाटील मॅडम.

नाना ती वही घेऊन स्टाफरूममध्ये आले आणि माझ्यापुढे उघडून ठेवली. माझे कान तापले. मी म्हणाले, “सर, तिला माझं नाव खोडायला सांगा. मी काय मुद्दाम केलंय?”

“मुद्दाम नाही केलंत. पण चूक लिहिलंय का तिने?”

“मेसेज मी काढून टाकते ग्रुपवरून.”

“काढून टाकलात तर लोकांनी वाचलेलं पुसलं जाईल का?” ते हळू बोलले, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. “तिथंच लिहा, हे खोटं होतं, मी न बघता टाकलं. पोरांना आपण हेच शिकवतो ना, मॅडम?”

मी मेसेज काढला. पुढे काही लिहिलं नाही. नानांशी चार-सहा आठवडे बोलले नाही. नंतर यजमानांची बदली झाली, आम्ही जळगावला आलो, आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

गेल्या हिवाळ्यात नाना आजारी असल्याचं कळलं, तेव्हा भेटायला गेले. खाटेवर उशीला टेकून बसले होते, फार वाळले होते. इकडचं तिकडचं बोलणं झालं. वहिनी चहा करायला आत गेल्या तसं त्यांनी विचारलं, “त्या ग्रुपवर... नंतर लिहिलंत का तुम्ही?” ते त्या ग्रुपवर नव्हते. मी म्हणाले, “हो नाना, लिहिलं.” आजवर प्रत्येक गोष्टीला ‘कशावरून?’ विचारणारा हा माणूस. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि एवढंच म्हणाले, “बरं व्हयनं.” बरं झालं. माझ्याशी ते कधी अहिराणीत बोलायचे नाहीत, ती घरच्यांशी बोलायची भाषा होती. त्यांना पटलं होतं, का खोटं ओळखूनही त्यांनी मला सोडून दिलं... हे आता कुणाला विचारू?

मागच्या शनिवारी देवपूरला गेले. नाना निवृत्त झाल्यापासून कॉम्प्युटर रूममध्ये शनिवारचा तास रुखसार घेते. मुलं गेल्यावर मी तिला सगळं सांगितलं, खाटेजवळच्या खोट्यासकट. ती खुर्च्या आत सरकवत ऐकत होती. “तुम्ही लिहिलं नाहीत हे मला माहीत होतं, मॅडम,” ती म्हणाली. “अम्मी रोज तो ग्रुप उघडून बघायची. दहावी संपेपर्यंत बघत होती.”

“नानांना सांगितलं होतंस?”

“त्यांनी कधी विचारलं नाही. आणि मी कसं सांगणार? तुम्ही माझ्या मॅडम.”

ग्रुप अजून आहे. मी तिथेच, तिच्यासमोर बसून लिहिलं. सगळ्यात वर माझं नाव, मग तो फोटो कुठला होता, मी तो न तपासता कसा टाकला, आणि त्याने कोणाचं नुकसान झालं. रुखसारने वाचलं, एक शुद्धलेखनाची चूक दाखवली, मी सुधारली आणि पाठवलं. आम्ही दोघी पडद्याकडे बघत राहिलो. बऱ्याच वेळाने दोघा-तिघांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. मग एका पालकांनी विचारलं, ‘कोणती बेकरी?’

‘रुखसारच्या अब्बांची आहे,’ असं मी टाइप करायला घेतलं. रुखसार शेजारून हळूच म्हणाली, “‘होती’ लिहा, मॅडम. अब्बा आता दुसऱ्यांच्या भट्टीवर जातात.”