हाताचा गुण की मातीचा

ऑगस्टमध्ये मैत्रिणीचा जमिनीचा पट्टा फुलांनी जांभळा झाला, आणि माझ्या पोटात दुखायला लागलं ते अजून थांबलेलं नाही.

लंडनच्या दक्षिणेला एक उघडा माळ आहे. एकेकाळी तिथे हेदरची, जांभळ्या फुलांची बुटकी झुडपं होती. मग कुणीतरी निम्मा माळ नांगरून शेत केलं, खतं घातली, गुरं चारली. आता तिथे पुन्हा माळ करायचा म्हणून आम्ही स्वयंसेवक शनिवारी जमतो. माझ्या घरून, हॅरोहून, तिथे पोचायला मला दोन गाड्या बदलाव्या लागतात. पुण्याहून शिकायला आलेली माझी मैत्रीण शेजारच्या गल्लीत भाड्याने राहते. तिला मीच पहिल्यांदा तिथे नेलं. हे लक्षात ठेवा, कारण मी ते विसरू शकत नाही.

माळाचे पट्टे पाडून ते आम्हाला चिठ्ठ्या टाकून वाटले होते. तिला मिळाला वाळूच्या जुन्या खाणीकडेचा. मला फाटकाजवळचा. दोघींनी एकाच दिवशी, एकाच गोणीतल्या हेदरच्या कापलेल्या फांद्या पसरल्या, बी झडून रुजावं म्हणून. दुसऱ्या उन्हाळ्यात तिच्याकडे हेदर फुललं, मधूनमधून बारकी पिवळी फुलं आली, दगडांवर दगडफुलाची राखाडी नक्षी चढली, आणि ओलसर खड्ड्यात दवबिंदू नावाची, किडे खाणारी इवलीशी वनस्पतीसुद्धा उगवली. माझ्याकडे गुडघ्याएवढं गवत आणि नेटल नावाची खाजरी वनस्पती. नेटलचा चटका हातमोज्यातूनही लागतो.

मी वेळेवर यायची. ती अर्धा तास उशिरा, केस ओले, डब्यात पोहे. मी खाली वाकून उपटत असायची, आणि ती बांधावर बसून विचारायची, "अगं, किती राबतेस? ये ना, खाऊन घे."

"तुझं काय, तुझं आपोआप येतंय."

"मग तू माझ्याकडे बघून जळू नकोस, नेटलकडे बघ. ती पण जळवते."

माळावर देखरेख करणारी बाई बोलायला मोजकी. सप्टेंबरपासून तिला पगारी मदतनीस हवी होती, एकच जागा. ती जागा मला हवी होती. सुपरमार्केटच्या काउंटरवर उभं राहून माझ्या पायांचे गोळे दुखतात, आणि मातीत काम करताना मला मी कोण आहे ते कळतं. तर ही बाई एक दिवस मैत्रिणीच्या पट्ट्याजवळ थांबली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "हिच्या हाताला गुण आहे."

हाताला गुण!

मी मराठी वाचायला शिकले ती पत्रकांवरून. आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर मिठाशेजारी पत्रकांचा गठ्ठा असतो. दर पौर्णिमेला विहारात वाटायची म्हणून बाबा ती घड्या घालत बसतात. सुरुवात कुठून झाली हे न विचारता जो गुणवत्तेची गोष्ट करतो, तो लबाड किंवा भाबडा, हे मी बाराखडीबरोबर शिकले. त्यामुळे मला जे सुचलं ते आमच्या घरात वाढलेल्या माणसालाच सुचेल. मी पत्रक काढलं. इंग्रजीत, एका पानाचं, शीर्षक "हाताचा गुण की मातीचा?" मागणी एकच: जागा भरण्याआधी सगळ्या पट्ट्यांची माती तपासा. चहाच्या सुट्टीत मी प्रत्येकाच्या मगाखाली एक प्रत ठेवली.

मैत्रिणीने ती उभ्याने वाचली. "म्हणजे मी नालायक आहे, असं छापून आणलंस?"

"तुझं नाव कुठेय त्यात?"

"नाव कशाला हवंय? हेदर कुणाकडे आहे ते सगळ्यांना दिसतंय!"

देखरेखीच्या बाईने पत्रक घडी करून खिशात घातलं आणि म्हणाली, "बरोबर आहे. तपासू."

निकाल आला. फाटकाजवळ वर्षानुवर्षं गुरं उभी राहायची आणि शेणाचा ढीग पडायचा. माझी माती फॉस्फरसने तुडुंब होती, आम्लता जवळजवळ गेलेली. तिची माती आंबट, वाळवंटासारखी रिकामी. हेदरला नेमकं तेच लागतं.

"म्हणजे खात्यापित्या मातीत दोघं-तिघंच माजतात," बाबा घडी घालता घालता म्हणाले, "आणि कोरड्या मातीत सगळ्यांना जागा. छापायला हवं हे."

"बाबा, तुम्ही हे अजिबात छापू नका. उद्या कुणीतरी म्हणेल, गरिबांना उपाशीच ठेवा, छान फुलतील. माणसं म्हणजे हेदर नाहीत."

बाबा हसले. मी हसले नाही. मी जिंकले होते आणि मला जागा हवी होती.

मुलाखतीत दोघींना एकच प्रश्न होता: फाटकाजवळच्या पट्ट्याचं काय करायचं? मी चिठ्ठ्यांपासून सुरुवात केली. वाटप कसं आंधळं होतं, कौतुक कसं फुकटचं होतं. पट्ट्यापर्यंत पोचले तेव्हा बाई घड्याळाकडे बघत होती.

जागा तिला मिळाली.

ट्रेनमध्ये मी विचारलं, "काय सांगितलंस?"

"माझ्या हाताला गुण नाही, माझी माती गरीब होती, असं सांगितलं. फाटकाजवळची वरची माती खरवडून काढा, खालच्या वाळूवर माझ्याकडचं हेदर पसरा." ती खिडकीबाहेर बघत होती. "तुझं पत्रक दाखवलं त्यांना. तुझं आहे हेही सांगितलं."

ही सगळ्यात वाईट गोष्ट. चोरलं असतं तर मला भांडता आलं असतं. माझं वाक्य तिने माझ्या नावासकट वापरलं, आणि ते तिच्या तोंडून जास्त खरं वाटलं, कारण मी ते तिला पाडायला लिहिलं होतं आणि तिने ते स्वतःलाच लावून घेतलं.

ऑक्टोबरमध्ये यंत्राने माझी काळी, पोसलेली माती खरवडून नेली. खाली फिकट वाळू निघाली, त्यात एक मूळ नाही. ती पगारी जाकीट घालून आली, वेळेवर, खांद्यावर गोणी. तिच्या पट्ट्यातल्या फांद्या.

"घे," ती म्हणाली, "तूच पसर. पट्टा तुझा आहे."

"आणि आलं तर? पुन्हा तुझ्याच हाताचा गुण?"

"तर दुसरं पत्रक काढ. मी घड्या घालायला येते."

जाकीट तिला शोभत होतं. मी गोणी तिच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतली, आणि पसरायला लागले, पातळ, एकसारखं, तिच्यापेक्षा नीट.