वॉटफर्डमधली पाटवडी

लंडनजवळच्या वॉटफर्डला नवं मराठी कुटुंब राहायला आलं, की त्यांना पद्माकरकाकांचा फोन जायचाच. काका हॉस्पिटलातून रिटायर झालेले भूलतज्ज्ञ. जन्मभर लोकांना झोपवलं आणि आता त्यांना जेवायला कुठे जावं ते सांगत फिरतात. इटालियन खायचं तर स्टेशनजवळचं, बाकी ठिकाणी जाऊच नका. टर्किश हवं तर हाय स्ट्रीट सोडून मागच्या गल्लीत. चायनीज कार पार्कच्या समोर, आणि गुजराती थाळी टायरच्या दुकानाशेजारी. पंजाबीसाठी मात्र थेट ईलिंग गाठायचं, कारण इथलं पंजाबी काकांच्या मते पार भिकार. या बाबतीत त्यांचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य.

मनीषा नागपूरची. नवरा यतीन आयटीत, आणि ती एका शाळेच्या किचनमध्ये नोकरीला. मराठी मंडळाच्या गणपतीला तिनं पाटवडीचा रस्सा केला आणि तिथेच सगळी गडबड झाली. काका पुन्हा पुन्हा वाटी पुढे करत होते, डोळ्यांतून पाणी, नाक लाल. सगळ्यांदेखत म्हणाले, "मनीषा, तू नोकरी सोड. अख्ख्या जगाचं जेवण मिळतं इथे, फक्त आपलं नाही. Open a proper restaurant! आम्ही आहोत ना पाठीशी!" टाळ्या पडल्या. मंडळाची सेक्रेटरी देविका तर म्हणाली, "आम्ही एव्हरी वीकेंडला येऊ गं!"

यतीन कुरकुरला. पण मनीषाच्या मनात ते कधीपासून होतंच, फक्त कोणीतरी म्हणायला हवं होतं. तिनं नोकरी सोडली, साठवलेलं सगळं घातलं आणि जागा भाड्यानं घेतली. पाटवडी, वडाभात, झुणका, भरली वांगी. पहिले दोन आठवडे पाय ठेवायला जागा नव्हती. फोटो काय, मिठ्या काय! जो तो जाताना म्हणे, "अगदी घरच्यासारखं आहे हं!" बिचारी फुलून जायची. तो निकाल होता, हे तिला कळलंच नाही.

कारण आपल्या लोकांची तऱ्हाच अशी. घरच्यासारखं म्हटलं की ते घरीच खायचं. बाहेर जायचं ते पनीर आणि नान खायला. मराठी जेवण मिळत नाही म्हणून गळे काढायचे आणि मिळालं की म्हणायचं, यात काय विशेष? देविकाला एकदा तिनं विचारलं, तर ती म्हणाली, "येणारच होतो गं, पण नील म्हणाला, 'मॉम, पिठलं तर आपण घरी पण करते ना!' मुलांपुढे काय बोलणार?" हळूहळू टेबलं रिकामी राहू लागली. यतीन म्हणाला, "बटर चिकन ठेव. सगळे ठेवतात." मनीषा भडकली. "मग नागपूरहून कशाला आले मी? आणि आपली माणसं आहेत ना. काकांच्या लग्नाचा चाळिसावा वाढदिवस आपल्याकडेच आहे, अख्खं मंडळ येणार आहे. एकदा सगळे पुन्हा जेवले की बघ."

तो वाढदिवस काकांनी स्वतः तिला देऊ केला होता. त्या शनिवारसाठी एक इंग्लिश बाई मोठी पार्टी घेऊन येत होती, तिला मनीषानं सॉरी म्हणून परत पाठवलं. वांगी आणली, बेसन आणलं, सुलक्षणाकाकूंना आवडतात म्हणून पुरणपोळ्यांचा घाट घातला. शुक्रवारी सकाळी पुरण शिजत असताना काकांचा फोन आला.

"मनीषा, ऐक. उद्याचं जरा चेंज झालंय. मिहीरनं ईलिंगला बुक केलंय, तेच आपलं पंजाबी. आता मुलगा एवढ्या हौसेनं करतोय म्हटल्यावर मी काय बोलणार? आणि फंक्शन म्हटलं की लोकांना जरा हॉटेलचं लागतं."

"काका, मी दुसऱ्या पार्टीला नाही म्हटलंय. सगळं सामान आणून बसलेय."

"वाया कशाला घालवतेस? पाटवड्या घेऊन ये की तिकडे. मॅनेजरला मी विचारलंय, तो स्टार्टर म्हणून ठेवू देईल. तू काय परकी आहेस का? घरचीच तू!"

"घरच्या माणसाचा असा गळा कापतात का, काका?" मनीषा म्हणाली.

मग काका दुखावल्या आवाजात म्हणाले, "एवढ्या तेवढ्यावरून असं बोलतेस? I am very hurt, मनीषा." आणि फोन ठेवला. म्हणजे चोर तो चोर, वर शिरजोर! शनिवारी मंडळाच्या ग्रुपवर ईलिंगचे फोटो येत राहिले. देविका, नील, सगळे हजर. मनीषा एकेक चेहरा मोठा करून बघत होती. यतीननं शेवटी फोन काढून घेतला. तो 'मी सांगितलं होतं' असं म्हणाला नाही, एवढं मात्र त्याच्या बाजूनं लिहायला हवं.

नंतरच्या महिन्यात भाडं थकू लागलं. मनीषानं तंदूर बसवला, एक जालंधरचा कूक ठेवला आणि पाटवडी, वडाभात मेनूवरून काढून टाकले. हे करताना ती रडली नाही. तिला फक्त स्वतःची लाज वाटत होती, जणू लबाडी तिनंच केली होती.

आणि मग आले सगळे! दर वीकेंडला रांग. काकाही आले, सुलक्षणाकाकूंना आणि पुण्याहून नुकत्याच आलेल्या एका जोडप्याला घेऊन. राग वगैरे सगळं विसरलेले. दाल मखनीची वाटी नानच्या तुकड्यानं पुसून घेत त्यांनी मनीषाला टेबलापाशी बोलावलं, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या जोडप्याला म्हणाले, "ही आमची मनीषा. माझ्या एका शब्दावर नोकरी सोडून हॉटेल काढलं पोरीनं! पंजाबी खायला आता ईलिंगला जायची गरज नाही." मग तिच्याकडे वळून प्रेमानं म्हणाले, "हे आधीच केलं असतंस तर किती त्रास वाचला असता तुझा! आपली माणसं काही परकी नव्हती गं."

मनीषाला वाटलं, ती वाटी त्यांच्या डोक्यावर पालथी घालावी. पण मागच्या टेबलानं अजून नान मागितले होते. "आणखी काही आणू का, काका?" तिनं विचारलं.