खलफल्लाचा राहिलेला दुखवटा

बखीता माझी मोठी बहीण. तिच्या नवऱ्याला, खलफल्लाला, शेजारच्या हमामने उसाच्या पाण्याच्या पाळीवरून गोळी घातली, तेव्हा तिचा रिफाई रांगत होता. आता रिफाईला मिशा आहेत आणि त्याची बायको पोटुशी आहे. हमाम तुरुंगात आजाराने गेला, पण त्याने काहीच सुटलं नाही. ते त्याच्या मुलावर, साबिरवर आलं.

ते म्हणजे थअर. कैरोची शिकलेली माणसं त्याला सूड म्हणतात आणि आमच्या नावाने नाक मुरडतात. अहो, सूडाला निदान राग तरी लागतो. थअर जमिनीसारखा वारसाने येतो, राग असो नसो. आमचे म्हातारे शेख सांगायचे, शब्द फार जुना, वाळवंटातल्या टोळ्यांचा. मारल्या गेलेल्याच्या डोक्यातून म्हणे एक पक्षी निघतो आणि कबरीवर बसून ‘मला पाजा, मला पाजा’ असं ओरडत राहतो, मारणाऱ्याचं रक्त सांडेपर्यंत. हे सगळं थोतांड आहे असंही शेख बजावायचे. बायका घरी येताना तेवढा पक्षी लक्षात ठेवायच्या.

थअर फिटेपर्यंत आमच्याकडे दुखवटा नाही. अंगणात खुर्च्या मांडायच्या नाहीत, कडू कॉफी नाही, कुराण वाचणारा नाही, रडणं नाही. खलफल्लाला घरी आणलं तेव्हा मी हंबरडा फोडणार, तोच बखीताने माझ्या तोंडावर हात दाबला.

“आत्ता नाही,” ती म्हणाली.

त्याचा रक्ताचा झगा तिने न धुता खुंटीला लावला. रोज त्याच्याखाली बसून भाकऱ्या थापल्या. ना कधी रडली, ना कधी शिव्या दिल्या. मला वाटायचं, आतून पेटलेली असेल. तसंही काही नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात साबिरच्या घरच्यांनी निरोप धाडला, तो कफन घेऊन येतो म्हणून. आपलंच कफन हातावर घेऊन जो दारात येतो, त्याला मारायचं की सोडायचं हे घरच्यांनी ठरवायचं; कफन घेतलं, तर थअर फिटला.

रिफाई आईसमोर उभा राहिला. “तू नाही म्हणालीस तर मी बंदूक काढतो, आई.”

“आधी तिच्यावरची कांद्याची माळ काढ,” मी म्हटलं. मला भीती वाटली की जीभ अशी सुटते.

“मावशी, तू गप्प बस. आई, सांग.”

बखीता पीठ मळत होती. “तुझ्या बायकोला विचारलंस?”

“तिला काय विचारायचं?”

“मग मला तरी काय विचारतोस? घे ते कफन.” आणि तिने पिठात पाणी घातलं. एवढ्या वर्षांचा निकाल असा लागला.

साबिर अनवाणी, उघड्या डोक्याने आला. कफन पुढे धरून तो रिफाईसमोर गुडघ्यांवर बसला. रिफाईने ते घेतलं, त्याला उठवलं, आणि त्याच दुपारी आमच्या अंगणात खलफल्लासाठी खुर्च्या मांडल्या गेल्या.

बायका आत जमल्या. शोकगीतं म्हणणारी म्हातारी बखीताजवळ सरकली. “सांग बाई, कसा होता तुझा माणूस? त्याचं गाणं बांधायला हवं.”

बखीताने तोंड उघडलं. “उंच होता,” ती म्हणाली.

“उंच नव्हता, ताई.”

“नव्हता?” ती माझ्याकडे बघत राहिली. “मग आवाज तरी...” पुढे तिला काही सुचेना. झग्यावरचं भोक तिने न बघता बोटाने दाखवलं असतं, पण माणूस तिला आठवत नव्हता.

दाराशी, चपला काढतात तिथे, हमामची बायको नरगिस तोंड झाकून बसली होती. आत ये असं तिला कुणी म्हटलं नव्हतं.

“काकवीत तीळकूट कालवून खायचा,” ती खाली बघत म्हणाली. “माझ्याच ओट्यावर बसून. भाकरीची कड काढून ठेवायचा. आमचे हे चिडवायचे, कड काय कोंबड्यांना ठेवलीस का रे? तर म्हणायचा, नाही, तुझ्यासाठी.”

कुणीतरी तिला हाकलेल असं वाटलं.

बखीता उठली आणि चपलांमध्ये जागा करून नरगिसच्या शेजारी बसली. डोळे कोरडेच होते.

“अजून सांग,” ती म्हणाली.