पाऊण इंची पायपात चारची वायर

आमच्याकडे सुनेच्या भावाला घरात फार मान. पाण्याचा तांब्या आधी त्याच्यापुढे, फॅनखालची खुर्ची त्याची, आणि त्याच्या बोलण्याला तोंडावर कुणी 'न्हाई' म्हणत नाही. ऐकायला हे छान आहे. पण त्याच भावाला त्याच घरात वायरिंग करायचं असेल तर हा मान म्हणजे नसती पीडा असते, हे मला गेल्या वर्षी कळलं.

मी वायरमन आहे. राहतो गडमुडशिंगीत, कामं करतो कोल्हापूरभर. माझी थोरली बहीण, आमची आक्का, कसबा बावड्यात दिलेली आहे. तिच्या सासऱ्यांना मी मामा म्हणतो. मामांनी सगळी नोकरी साखर कारखान्यात केली आणि निवृत्त झाल्यावर नव्या वसाहतीत घर बांधायला काढलं. माणूस तोंडाचा फटकळ. गवंड्याची वीट जरा तिरकी बसली तरी चौकापर्यंत ऐकू जाईल असा आवाज. दाजींच्या, म्हणजे आक्काच्या नवऱ्याच्या, ओळखीतला एक वायरमन जवळजवळ ठरलाच होता. तेवढ्यात आक्का मध्ये पडली. "माझ्या भावाला द्या की काम. सोताच्या घरागत करंल," असं म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या घरात तिनं तोंड उघडून काही मागितलं ते हे पहिलंच. फोनवर मला हे सांगितलं आणि वर म्हणाली, "नीट कर बाबा. माझा शब्द हाय."

स्लॅब पडायच्या आधी सळ्यांवर पाईप मीच अंथरले. हॉलमधल्या मेन बोर्डापासून मागच्या दोन खोल्यांकडे जाणारा पाईप सगळ्यात लांब. तो पाऊण इंची होता आणि वाटेत त्याला दोन वाकणं होती. त्यात अडीचच्या, म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर जाडीच्या, पाच वायरी बसतात, अगदी सुखानं नाही, पण बसतात. तेवढ्यात काम भागतं असं मी तेव्हा म्हणालो होतो आणि ते बरोबर होतं.

गिलावा वाळला, पुट्टी झाली, रंगाचा पहिला हात बसला. मग मी, मामा आणि दाजी वायर घ्यायला शहरातल्या दुकानात गेलो. काउंटरवर दुकानदारानं वायरीची बंडलं रचली होती, लाल, काळी, हिरवी. एरवी मी दुकानात यादी टाकतो, माल उचलतो आणि चालता होतो. त्या दिवशी माझ्यात काय संचारलं होतं कुणास ठाऊक. बंडलाचं टोक सोलून मामांना आतली तांब्याची तार दाखवली, वायर वाकवून दाखवली, आग लागली तर कुठलं आवरण पेटत नाही ते सांगितलं. मामा शाळेतल्या पोरासारखे मान हलवत होते. गवंड्यांना धारेवर धरणारा माणूस माझं ऐकतोय म्हटल्यावर मी आणखी फुगलो आणि म्हणालो, "मागच्या खोल्यांस्नी चारची घालू. उद्या दोन्हीकडं एसी बसवला तरी बघायला नको."

बहिणीच्या घरात भावानं हात आखडता घेतला असं कुणी म्हणायला नको, हे मनात होतं. खर्च मामांचा आणि रुबाब माझा, हे मात्र तेव्हा मनात आलं नाही.

दुकानदारानं सहज विचारलं, "पाईप कितीचा टाकलाय?"

"पाऊण."

"मग चारच्या पाच कशा जातील ओ त्यातनं?"

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मामांनी नाही. मामा दुकानदाराला म्हणाले, "पावणं म्हणतील तसं. त्यांचंच काम हाय ते."

तिथं मला 'व्हय, माझं चुकलं, अडीचची द्या' एवढं म्हणता आलं असतं. सहा महिन्यांचं पोरही अडीचची घे म्हणालं असतं. पण एकदा हरभऱ्याच्या झाडावर चढलेल्याला खाली उतरायचं कसं ते कळत नाही. मी हसलो आणि म्हणालो, "जातील की. वढायचं तंत्र असतंय."

तंत्र! तंत्र कसलं डोंबलाचं. पायपाचं भोक जेवढं तेवढंच.

ओढायच्या दिवशी दाजी रजा काढून मदतीला आले. पायपातून आधी पोलादी तार सारली. ती मागच्या खोलीत निघाली. मग इकडे बोर्डापाशी पाचही वायरींची टोकं सोलली, तांबं तारेला पीळ घालून अडकवलं आणि वर टेप गुंडाळली. आक्कानं आपला पावडरचा डबा आणून दिला. वायरीला पावडर लावली की ती सरकते. सगळ्या हॉलमध्ये तिच्या पावडरचा वास सुटला. मी बोर्डाकडून वायर आत सोडत होतो आणि दाजी मागच्या खोलीत स्टुलावर उभे राहून तार ओढत होते.

"वढा!"

"आली!"

"वढा अजून!"

पहिलं वाकण पार झालं. तेव्हा मी आक्काकडे बघून डोळासुद्धा मिचकावला. दुसऱ्या वाकणावर वायर थांबली.

वायर जड चालली आहे आणि वायर अडकली आहे, यातला फरक हाताला कळतो. इतकी वर्षं हेच केलंय, माझ्या हाताला तो तत्क्षणी कळला. तिथल्या तिथं सगळी मागे खेचायची, चारची काढून ठेवायची, दुकानात जाऊन बंडलं बदलून आणायची, एवढंच करायचं होतं. पण मामा हात पाठीमागे बांधून दारात उभे होते. मी मागच्या खोलीत गेलो, दाजींच्या हातातली तार पक्कडीत धरली, एक पाय भिंतीला लावला आणि म्हणालो, "दाजी, माझ्या कमरंला धरा. लावा जोर."

लावला जोर. तार तुटली. दाजी खाली आणि त्यांच्यावर मी. मग धावत बोर्डापाशी जाऊन वायरी उलट्या ओढल्या. थोड्या आल्या. आवरण सोलून निघालेलं, आतलं तांबं उघडं पडलेलं. मग त्याही थांबल्या. ना पुढे ना मागे. पाच वायरी स्लॅबच्या पोटात रुतून बसल्या आणि तो पाईप कायमचा गेला.

स्लॅब फोडता येत नाही. आता एकच उपाय होता, नवी वायर उघड्यावरून, प्लास्टिकच्या पट्टीतून न्यायची. हॉलच्या छतावरून, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. ज्या छताला एकही ओरखडा नको म्हणून मामांनी रंगाऱ्याला तीनदा खाली उतरवलं होतं, त्या छतावरून.

दुसरा कुठला वायरमन असता तर मामांनी त्याच्या सात पिढ्या उद्धारल्या असत्या. मी त्याचीच वाट बघत होतो. खरं सांगतो, मला त्या शिव्या हव्या होत्या. शिव्या खाल्ल्या की माणूस मोकळा होतो, मान खाली घालून कामाला लागतो. मामांनी छताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, ओठ हलले. मग म्हणाले, "असू दे, पावणं. हातपाय धुवा. चा घ्या."

त्यांच्या जुन्या घरी येऊन मी फॅनखालच्या खुर्चीत बसलो. चहा आला, चिवडा आला. भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात दाजींचा आवाज ऐकू आला. "मी म्हटलं हुतं की तुला."

आक्का म्हणाली, "व्हय."

एवढंच. पुढे भांड्यांचा आवाज. माझ्या वाट्याचं बोलणं तिनं ऐकून घेतलं आणि मी बाहेर बशीत चहा ओतत होतो. उठून आत जावं, दुकानदारानं सांगूनही मीच हट्ट केला, हिला बोलू नका असं म्हणावं, असं वाटलं. पण ते सगळ्यांना माहीतच होतं, दुकानात दाजी होते, मामा होते. मला काही म्हणायचं नाही हा त्या घराचा रिवाज, आणि मला तो सोयीचा होता. मी चहा संपवला.

पुढच्या दोन दिवसांत पट्टी मारली. सरळ मारली, दोरी धरून. पट्टी सरळ असली म्हणून ती दिसायची थांबत नाही.

वास्तुशांतीला मी बायकोसह आहेर घेऊन गेलो. मामांनी स्वतः मला फेटा बांधला, हाताला धरून हॉलमध्ये पंगतीच्या सुरुवातीला बसवलं. आक्का जिलेबीचं ताट घेऊन वाढत होती. माझ्या शेजारी मामांचे कारखान्यातले एक जुने सोबती बसले होते. त्यांनी जेवता जेवता मान वर केली.

"ही पट्टी वरनं का ओ? नव्या घराला असलं ठिगळ? कुठला वायरमन गाठला हुता?"

मामांना खोटं बोलता येत नाही, हे बावड्यातल्या लहान पोरालाही माहीत आहे. ते घसा खाकरत राहिले. तेवढ्यात आक्का म्हणाली, "बाहेरचा हुता कोन तरी. अर्ध्यात काम टाकून गेला." तिचा हात थांबला नाही, आवाजही बदलला नाही.

मला हायसं वाटलं. पाईप वाया घालवला, छत विद्रूप केलं, त्याची लाज होतीच. पण त्या क्षणी मला जे हायसं वाटलं त्याची लाज त्याहून मोठी आहे. अजून रात्री आठवली तरी मी कूस बदलतो.

ते सोबती माझ्याकडे वळले. "आणि पावणं, तुमी काय करता?"

खरं सांगावं तर आक्का खोटी पडते. मी म्हणालो, "शेती हाय थोडी."

"ऊस?"

मी भात कालवायला लागलो. तेव्हा मामा बोलले. "व्हय की. चांगला ऊस हाय पावण्यांचा. बिद्रीच्या कारखान्याला जातोय." गडमुडशिंगीचा ऊस बिद्रीला जात नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आणि आमच्याकडे शेतच काय, परसात अळूचं पानसुद्धा नाही. त्या सरळ तोंडाच्या म्हाताऱ्यानं माझ्यासाठी जन्मात पहिल्यांदा खोटं बोलून घेतलं आणि खाली बघून जेवू लागला.

आक्का वाढत वाढत माझ्या पानापाशी आली. लहानपणापासून ती मला विचारत नाही. मी नको नको म्हणालो तरी दोन जिलेब्या जास्त आदळते आणि वर 'गप खा' म्हणते. त्या दिवशी ती वाकली, ताट माझ्या पानावर धरलं आणि शेजारच्या पाहुण्याला विचारलं तसंच मलाही हळू विचारलं, "वाढू का?"

मी म्हणालो, "थोडी."

तिनं थोडी वाढली आणि पुढच्या पानाकडे गेली.