वेदीपुढचा लिलाव

सांगलीच्या हळदबाजारात केरबाने उभा जन्म काढला. तिथली रीत अशी, की भाव तोंडाने बोलायचा नाही. लिलाव करणाऱ्याच्या हातावर उपरणे पसरलेले असे. घेणाऱ्याने त्याखाली हात घालायचा, त्याची बोटे धरायची, आणि भाव तेवढ्यानेच कळवायचा. एकाची बोली दुसऱ्याला कळत नाही. ज्याच्या दुकानी तो राबे त्या अडत्याचे गुडघे गेल्यापासून उपरणे केरबाच्याच हातावर असे, आणि त्याखाली खोटे कधी शिरले नाही, एवढीच केरबाची इस्टेट.

हीच रीत त्याने आपल्या चर्चमध्ये नेली. शाळू निघाला की तिथे कापणीचा सण होई. वाड्यावस्त्यांवरून मंडळी गाड्या जुंपून येत. कुणी भोपळा आणी, कुणी कोंबडी, कुणी गुळाची ढेप. सारे वेदीपुढे ठेवायचे, आणि उपासना आटोपली की केरबाने लिलाव करायचा. वेदीपुढे ठेवले ते देवाचे. लिलावावाचून ते दाराबाहेर जायचे नाही. हा कायदा कुठे लिहिलेला नव्हता, म्हणून तो कुणी मोडत नसे. वर्षभर केरबा दाराशी चपला राखी आणि या एका रविवारी वेदीशी उभा राही. बायको गेली होती, मुले पुण्याला गेली होती. त्याच्यापाशी त्याचा म्हणावा असा हा एकच रविवार उरला होता.

चौसष्ट साली चर्चच्या सेक्रेटरी भाऊसोंना सुधारणेचा झटका आला. भाऊसो विश्रामबागेत बंगला बांधून राहायला गेले होते, आणि तेव्हापासून त्यांना कोंबड्यांचा वास सहन होत नव्हता. त्यापूर्वी ते कोंबड्या निमूटपणे खात असत. त्यांनी ठरवले, की देवाच्या घरी बाजार नको. यापुढे ज्याने त्याने दान लिफाफ्यात घालून द्यावे. आणि सणाच्या रविवारी मुंबईच्या एका थोर चित्रकाराच्या आधुनिक आध्यात्मिक चित्रांचे प्रदर्शन भरवावे. केरबाकडे पाहुण्यांचे बूट सांभाळण्याचे काम आले. पाहुण्यांनी बूट काढलेच नाहीत, त्यामुळे तेही हलके झाले.

वाड्यांवर हे कळवायला भाऊसो विसरले. विसरले म्हणजे, कळवण्याजोगे तिथे कुणी राहते हे त्यांच्या ध्यानात आले नाही.

प्रदर्शन थाटात उघडले. चित्रे वेदीपुढे तिवयांवर मांडली होती. सर्वांत मोठ्या चित्रात पिवळ्या-तांबड्या रंगांचे भोवरे होते आणि मधून एक पांढरा फराटा वर गेला होता. नाव होते ‘पुनरुत्थान’. प्रतिष्ठित मंडळी त्याच्यापुढे मान तिरपी करून उभी राहत, आणि न समजल्याचे समाधान तोंडावर घेऊन पुढे सरकत. चित्रकारांनी गहिवरून भाषण केले, की ही चित्रे म्हणजे आत्म्याचा आक्रोश, ती माझी नव्हेतच, ती मी प्रभूच्या चरणी ठेवली आहेत. टाळ्या झाल्या. मग सारे पाळकसाहेबांच्या बंगल्यावर चहाला गेले.

तेवढ्यात गाड्या आल्या. लोकांनी पायताणे बाहेर काढली, भोपळे-कोंबड्या चित्रांच्या पायथ्याशी ठेवल्या आणि सतरंज्यांवर बसून केरबाकडे पाहू लागले. चहाहून कुणी परतेना. कोंबड्या वेदीपुढे न शोभणाऱ्या गोष्टी करू लागल्या. देवाचे झालेले धन असे सोडून द्यायचे कसे? केरबाने देवाचे नाव घेतले आणि हातावर उपरणे पसरले.

कोंबड्या गेल्या, भोपळे गेले, गूळ गेला. चित्रे उरली. त्यांना कुणी हात लावीना, तेव्हा लोकच हळहळले. मुंबईहून एवढ्या लांबून कुणी बिचाऱ्याने आणून ठेवले, ते तसेच पडून राहिले तर त्याच्या जीवाला काय वाटेल? राहीबाई उठली. मळ्यातली विधवा, यंदा विहिरीला पाणी लागले म्हणून आभार मानायला आलेली. ती मोठ्या चित्रापाशी गेली आणि बराच वेळ पाहत राहिली.

“केरबादादा, ही आमची हीर हाय,” ती म्हणाली. “पानी लागलं तवा अशीच माती घुसळून वर आल्ती. मला पायजे ही.”

तिने उपरण्याखाली हात घातला. केरबाने बोटे ओळखली आणि चमकून तिच्याकडे पाहिले. म्हशीच्या दुधावर जगणारी बाई एवढी बोली करते हे बाजारातही त्याने पाहिले नव्हते.

नेमके तेव्हा चहा संपला. दारात भाऊसो उभे राहिले, मागे चित्रकार. काय चालले आहे हे कळताच चित्रकार ओरडणार होते; पण ‘चरणी ठेवली’ हे घडीभरापूर्वीच बोललेले, आणि सतरंजीवरची सारी मंडळी आदराने त्यांच्याकडेच बघत होती. भाऊसोंनी तोड काढली. चित्रकारांनी नावापुरती बोली करावी. मग त्यांनी केरबाला खांबाआड घेतले.

“केरबा, चित्र पाहुण्यांनाच सुटलं पाहिजे. उपरण्याआत काय झालं ते तुम्हांलाच ठाऊक असणार. एवढं करा, लिफाफे रद्द. लिलाव तुमचा तुम्हांला राहील.”

केरबा परत वेदीपुढे आला. चित्रकारांनी उपरण्याखाली हात सरकवला. प्रभूला वाहिलेल्या आत्म्याच्या आक्रोशाला त्यांनी एकच बोट दिले, आणि तेही अर्धे मुडपून.

पाहुण्यांचे नाव घेतले की सणाचे उरलेले सारे रविवार केरबाचे. विचारणारा कुणी नाही, पाहणारा कुणी नाही. त्याची नजर वेदीवर गेली, आणि पाहणारा कोण हे त्याला निराळे सांगावे लागले नाही.

“राहीबाईचं,” तो म्हणाला.

भाऊसोंचा चेहरा पडला. “तुमचा हा शेवटचा लिलाव, केरबा.”

“व्हय,” केरबा म्हणाला, “पर खरा झाला.”

चित्र गाडीत कडब्यावर ठेवून वाडीला गेले. पुढे मुंबईच्या एका वर्तमानपत्रात छापून आले, की चित्रकारांची प्रसिद्ध कृती दक्षिण महाराष्ट्रातील एका जाणकार संग्राहकाने चुरशीच्या बोलीत मिळवली.

दुसऱ्या वर्षीच्या सणाला लिफाफे आले, गुळगुळीत, छापील. केरबा दाराशी ते वाटायला उभा होता. गाड्याही आल्या, पण मंडळी आत शिरेनात. भोपळे, कोंबड्या मांडीशी घेऊन ती चिंचेखाली बसली. आत यायचा आग्रह करायला भाऊसो स्वतः बाहेर गेले, तर राहीबाईने विचारले, “आवं भाऊसो, कोंबडी ह्या पाकिटात घालायची कशी, तेवढं दावा.”

भाऊसोंनी आत पाहिले. सतरंज्या ओस, विश्रामबागेतली चार डोकी, आणि तबकात काही हलके लिफाफे. त्यांनी नाकाला रुमाल लावला.

“जा, केरबा,” ते केरबाकडे न पाहताच म्हणाले, “लिलाव आटपा लवकर.”

केरबाने हातातले लिफाफे पायरीवर ठेवले आणि मंडळींना आत बोलावले.