आबांच्या डॅशबोर्डची शिवण

माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, गाडीच्या डॅशबोर्डला बेदाण्याचं तेल फासलं. हे तासगावकडच्या माणसाला सांगितलं तर तो कपाळावर हात मारून घेतो. बाकीच्यांना समजावून सांगावं लागतं. द्राक्षाचा बेदाणा करायचा तर घड आधी एका तेलाच्या पाण्यात बुडवून काढतात. त्यानं मण्याची साल विरते, आतलं पाणी भराभर निघून जातं आणि शेडमधल्या जाळीवर माल लवकर सुकतो. आबांचा सगळा जन्म त्यात गेला. त्या वर्षी हंगाम संपला आणि डब्याच्या तळाशी थोडं तेल उरलं. टाकायचं कशाला, म्हणून फडक्यावर घेऊन त्यांनी गाडी पुसली. डॅशबोर्ड असा चकाकला की दुसऱ्या दिवशी परत पुसला. आणि गाडी उभी कुठं, तर शेडच्या पुढं, भर उन्हात.

ज्या तेलापुढं द्राक्षाच्या सालीचं काही चालत नाही, त्याच्यापुढं प्लास्टिकचं काय चालणार? उन्हाळा सरेपर्यंत डॅशबोर्डला भेगा पडल्या, जतकडच्या कोरड्या रानाला पडतात तशा. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

कराडजवळ मलकापुरात हायवेलगत आमचं कुशनचं दुकान आहे. सीटा, छत, दाराची पॅडं, डॅशबोर्ड, गाडीच्या आतलं सगळं काम आम्ही करतो. लग्न होऊन आले तेव्हा मी ब्लाऊज शिवत होते. एकदा यांचा कारागीर काम सोडून गेला आणि गिऱ्हाईक दारात उभं राहिलं, म्हणून मी मशीनवर बसले ती पुन्हा उठलेच नाही. आता हे खोलाखोली करतात, गिऱ्हाईक सांभाळतात. कटिंग, शिलाई, रेक्झिन ओढून बसवणं माझ्याकडं. माझा हात कसा आहे ते कराडात कुणालाही विचारा. उगाच लाजून बोलणं मला जमत नाही.

आबांना मात्र हे कधी पचलं नाही. पोरीनं गाडीत वाकायचं, रेक्झिन चिकटवायच्या सोल्यूशनचा वास अंगाला घेऊन फिरायचं, हे त्यांना बघवत नव्हतं. कुणी विचारलं की सांगायचे, "जावयाचं दुकान हाय मलकापुरात. पोरगी घरी ब्लाऊज शिवती." एकदा भावकीतल्या लग्नात माझ्यासमोरच हे सांगितलं. पंगतीत बसले होते म्हणून गप्प राहिले, नाहीतर गप्प बसणाऱ्यातली मी नव्हे. घरी आल्यावर आईला विचारलं, मी काय चोऱ्या करते का, झाकून ठेवायला? आई म्हणाली, "त्यांचा सोभाव तुला ठाव हाय. आन तू तरी कुठं कमी हायस?"

तर त्याच आबांनी एक दिवस गाडी आमच्या दारात आणून लावली. डॅशबोर्डवर टॉवेल अंथरलेला, आणि टॉवेलला मधोमध भोक पाडून तिथं चिकटवलेला छोटा गणपती वर काढलेला.

"टॉवेल कशाला, आबा?"

"ऊन लागतंय."

मी टॉवेलाची कड उचलली आणि वास घेतला. लहानपणी शेडमध्ये खेळून आल्यावर आमच्या कपड्यांना यायचा तोच वास.

"बेदाण्याचं तेल लावलंय व्हय?"

आबा हायवेकडं बघत म्हणाले, "लय चकाकत हुतं गं."

मग माझ्याकडं पाठ करून यांना म्हणाले, "जावईबापू, तुमीच बघा जरा."

आमचे हे सरळ माणूस. म्हणाले, "डॅशबोर्ड मी करत न्हाई, आबा. तिचं काम हाय ते."

"त्यो काय ब्लाऊज हाय व्हय?" आबा म्हणाले.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. चहाचा कप त्यांच्या हातात दिला आणि सांगितलं, "गाडी ठेवा आन एसटीनं घरी जावा. पसंत न्हाई पडलं तर माझ्यासमोर उचकटून टाका." वर बोलले ते एवढंच. मनात मात्र वेगळंच चाललं होतं. बापाची गाडी हाताखाली आली होती. हे काम बघूनही चार माणसांत त्यांनी मला झाकलं असतं, तर मग जन्मभर मी ब्लाऊज शिवणारीच राहिले असते.

आमच्याकडं गाडीतला देव तसाच उचकटत नाहीत. हळदकुंकू लावायचं, पुढं सुपारी ठेवायची आणि काम होईपर्यंत आमच्या घरी चला म्हणून विनवायचं. मुसलमान गिऱ्हाइकाच्या गाडीत कुराणातली आयत टांगलेली असली तर तीही मी धुतलेल्या फडक्यात गुंडाळून उंच फळीवर ठेवते. आबांचा गणपती आमच्या देव्हाऱ्यात गेला आणि मग यांनी पाना हातात घेतला.

डॅशबोर्ड काढून बाहेर ठेवला आणि खरी परीक्षा सुरू झाली. तेल आत इतकं मुरलेलं की सोल्यूशन धरेना. साबणाच्या पाण्यानं धुवायचा, वाळवायचा, बोट फिरवून बघायचं, की परत बुळबुळीत. शिव्या मी तेलालाच दिल्या, बापाला कशा देणार? शेवटी एकदाचा कोरडा लागला. मग भेगा कोरून रुंद केल्या, त्यात लांबीची पुट्टी भरली, पॉलिश पेपरनं घासून सपाट केल्या. वरून पातळ फोम चिकटवला आणि त्यावर काळं रेक्झिन गरम करत ओढत आणलं. सरळ भाग छान बसला. मीटरवरच्या उंचवट्याशी आले आणि चुण्या पडल्या. कितीही ओढलं तरी एक चुणी हलेना.

हे म्हणाले, "चालतंय की. स्टिअरिंगच्या मागं कुणाला दिसतंय?"

"आबांना दिसंल," म्हटलं, आणि सगळं रेक्झिन उपसून काढलं.

रागारागानं घरात जाऊन बसले. समोर ब्लाऊजच्या जुन्या कागदी कटिंगचा गठ्ठा होता. ब्लाऊजची कटोरी आपण सपाट कापडातूनच करतो ना? तुकडे वेगळे कापायचे, जोडाला गोलाई द्यायची, की कापड आपोआप उभं राहतं. परत दुकानात आले, उंचवट्यावर कागद धरून माप घेतलं आणि कटोरीसारखे तुकडे पाडून जोडले. जोडावर दुहेरी शिलाई मारली, दोरा मुद्दाम बेदाण्याच्या रंगाचा, पिवळट हिरवा घेतला. चढवलं तसं एका ओढीत बसलं. यांनी हात फिरवला आणि नुसतं "आयला" म्हणाले. मला त्या वेळी तेवढं पुरेसं होतं.

आबा गाडी न्यायला आले. आत बसले, चष्मा पुसला, दार लावून घेतलं. मीटरवरच्या शिवणीवरून त्यांनी एक बोट सावकाश नेलं, परत आणलं. मी बाहेर पदराला हात पुसत उभी. गणपती आणून हातात दिला आणि मधली सपाट जागा दाखवली. हे दोन्हीकडून चिकटणारी टेप घेऊन पुढं झाले, तर आबा म्हणाले, "नको, ऱ्हाऊ द्या." देव शर्टाच्या खिशात घातला, गाडी चालू केली आणि निघून गेले. देवाशिवाय गाडीचं चाक न हलवणारा माणूस रिकाम्या डॅशबोर्डनं गेला, म्हणजे काम पसंत पडलं नाही असंच मी धरलं.

पुढच्या हंगामात माहेरी गेले. आबा बेदाणा घेऊन तासगावला सौद्याला निघाले होते, मलाही गाडीत बसवलं. माल टेम्पोत पुढं गेलेला. वाटेत त्यांचे नेहमीचे सांगलीचे व्यापारी भेटले, ते आबांच्या शेजारी बसले. मी मागच्या सीटवर.

थोडं अंतर गेल्यावर व्यापारी म्हणाले, "अहो आबा, गाडीतला देव कुठं गेला? तुम्ही तर देवाशिवाय निघत नव्हता."

"देव घरात बसवलाय," आबा म्हणाले. "निघताना पाया पडून निघतो. हितं चिकटवला असता, पर कवातरी टेप काढताना रेक्झिन वडलं जाऊन शिवण उसवली असती. देवाला काय, कुठंबी बसतोय त्यो. ही शिवण माझ्या लेकीची हाय."

व्यापाऱ्यांनी डॅशबोर्डवर हात फिरवला, मग मागं वळून माझ्याकडं बघितलं. "ह्याच का?"

"हीच," आबा आरशातून माझ्याकडं बघत म्हणाले. "मलकापुरात दुकान हाय तिचं."

जावयाचं नाही, तिचं म्हणाले. माझे डोळे भरून आले होते, तरी मी मान खाली घातली नाही. तासगाव येईपर्यंत तशीच ताठ बसून राहिले.